प्रतीक आणि प्रतीकसूची : आरंभीच्या प्रबोधनकाळातील मरिया-बालक चित्रांच्या संदर्भात

युरोपीय प्रबोधनकाळाच्या आरंभीच्या पर्वात, स्थूलमानाने इ. स. १४०० ते १५०० या शतकात, कुमारी माता मरिया आणि बालक येशू यांची जेवढी चित्रे रंगविली गेली तेवढी दुसऱ्या कोणत्याही एका विषयावर क्वचितच रंगविली गेली असतील. या चित्रांसंबंधी लिहिण्याची एक ठराविक पद्धत आता रूढ झाली आहे. बालकाच्या मुठीत गोल्डफिंच हा चिमुकला पक्षी असेल तर तो क्रूसावरील यातनांचे प्रतीक, द्राक्षांचा घोस रक्ताचे, डाळिंब पुनरुत्थानाचे, सफरचंद आदिपापाचे, लिलीचे फूल कौमार्याचे, आणि गळ्यातील पोवळे पुन्हा रक्ताचेच. कलाकोशांतून आणि संग्रहालयांच्या मार्गदर्शिकांतून अशा सूची छापल्या जातात, आणि त्या हाताशी आल्या की चित्राचा अर्थ हाती आला असे मानले जाते. साहित्याच्या अध्यापनालाही ही सवय अपरिचित नाही. कवितेतील पाऊस म्हणजे अमुक, वाट म्हणजे तमुक, अशी समीकरणे मांडून 'प्रतीक' ही संज्ञा समजावून दिल्याचे समाधान मराठीच्या वर्गांतही मिळविले जातेच. म्हणून या चित्रांचा विचार केवळ कलेतिहासाच्या अभ्यासकांवर सोपवून देण्याजोगा नाही. शिवाय मरिया आणि बालक यांची कथा मराठीला परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात रायतूर येथे छापले गेले, तेव्हापासून ती ओवीत नांदत आहे.

सूचीची पद्धत खोटी आहे असे म्हणण्याचे कारण नाही. द्राक्षे आणि ख्रिस्ताचे रक्त यांचा संबंध मिस्साविधीतील द्राक्षरसामुळे त्या काळच्या सामान्य माणसालाही ठाऊक होता. पद्धतीचा दोष निराळा आहे. ती वस्तूचा पहिला अर्थ खर्ची टाकून दुसऱ्या अर्थाकडे जाते. पक्षी एकदा यातनांचे प्रतीक ठरला की तो पक्षी राहत नाही, आणि मूल एकदा तारणहार ठरले की ते मूल राहत नाही. या चित्रकारांनी शंभर वर्षे जे साधण्यासाठी परिश्रम केले, म्हणजे मुलाचे मूलपण, आईचे आईपण, फळाचे वजन, कापडाची घडी, ते सारे या वाचनात अडगळ ठरते.

गोल्डफिंचचेच उदाहरण घ्यावे. हर्बर्ट फ्रीडमन या पक्षिशास्त्रज्ञाने १९४६ साली या एका पक्ष्यावर संपूर्ण ग्रंथ लिहिला. हा पक्षी असलेली सुमारे पाचशे भक्तिचित्रे त्याने नोंदविली, आणि त्यांतील बहुसंख्य इटालियन चित्रकारांची निघाली. पक्ष्याच्या चेहऱ्यावर लाल रंग असतो आणि काटेरी झुडपांच्या बिया हे त्याचे खाद्य. त्यावरून काट्यांच्या मुकुटाशी त्याचा संबंध जोडला गेला. ख्रिस्ताच्या कपाळातील काटा उपटताना रक्ताचा थेंब त्याच्यावर उडाला अशी दंतकथाही रूढ झाली. परंतु फ्रीडमनच्याच विवेचनात हा पक्षी यातनांसोबत आत्म्याचा, पुनरुत्थानाचा आणि रोगमुक्तीचाही सूचक ठरतो. महामारीने पुनःपुन्हा होरपळलेल्या त्या समाजात मृत्यूची खूण आणि मृत्यूपासून वाचविणारी खूण एकाच पक्ष्यात सामावली होती. सूचीच्या दृष्टीने ही अडचणच म्हणावी लागेल, कारण 'अमुक म्हणजे तमुक' या समीकरणाच्या उजव्या बाजूस परस्परविरोधी पदे येऊन बसतात. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की गोल्डफिंच हे त्या काळच्या इटालियन मुलांचे खेळणे होते. पायाला दोरा बांधून तो मुलांच्या हाती दिला जाई, आणि काही चित्रांत तो दोराही दिसतो.

फ्लॉरेन्सचा डोमिनिकन धर्मगुरू जोव्हान्नी दोमिनिची याने १५व्या शतकाच्या अगदी आरंभी एका कुलीन स्त्रीसाठी कुटुंबव्यवस्थेवर एक पुस्तक लिहिले. मुलांना कसे वाढवावे हे सांगताना त्याने घरात पवित्र चित्रे ठेवण्याचा सल्ला दिला आहे. कडेवर बाळ घेतलेली मरिया असावी, बाळाच्या मुठीत पक्षी किंवा डाळिंब असावे. दूध पिणारा येशू, आईच्या मांडीवर झोपलेला येशू, अशी चित्रेही चांगली, असे तो सुचवितो. त्याने दिलेले कारण लक्षणीय आहे. दुपट्यातल्या मुलाला चित्रात आपल्यासारखेच मूल दिसावे, त्यात त्याचे मन रमावे, आणि त्या ओढीतून पुढे भक्ती उपजावी, असा त्याचा विचार आहे. म्हणजे ज्या पक्ष्याचा उलगडा सूचीकार 'यातना' असा करून मोकळे होतात, तो पक्षी एका धर्मगुरूने घरातल्या मुलाला आवडावा म्हणून सुचविला होता. घरातल्या भिंतीवरचे हे चित्र एकाच वेळी दोघे पाहत होते. मुलाला मुठीतला पक्षी दिसत होता. त्याला उचलून धरणाऱ्या मोठ्या माणसाला पक्ष्याच्या चेहऱ्यावरचा लाल डागही दिसत होता. पहिले पाहणे अज्ञानाचे आणि दुसरे ज्ञानाचे अशी उतरंड लावण्यास दोमिनिचीच्या पुस्तकात तरी आधार नाही. उलट, मूल ज्या आनंदाने पाहते तो आनंद चित्रात नसेल तर मोठ्यांच्या मनात उमटणारी कळही नसेल.

भारतीय साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला हा भेद ओळखीचा वाटेल. लक्षणेत मुख्यार्थाचा बाध ही पहिली अट असते. 'गंगेवर गवळीवाडा' या शास्त्रकारांच्या नेहमीच्या उदाहरणात प्रवाहावर वस्ती असणे शक्य नसते, म्हणूनच काठाचा अर्थ घ्यावा लागतो. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'त ध्वनीचे जे दोन प्रमुख भेद केले, त्यांतील 'विवक्षितान्यपरवाच्य' ध्वनीत मात्र वाच्यार्थ विवक्षित असतो, तो टिकून राहतो आणि टिकून राहूनच दुसऱ्या अर्थाकडे नेतो. प्रतीकसूची ही या चित्रांना लक्षणेच्या नियमाने वाचते. पक्षी हा पक्षी म्हणून तेथे असण्याचे काही कारण नाही, तेव्हा त्याचा अर्थ दुसरा, असा तिचा गृहीत पक्ष असतो. वस्तुतः मुलाच्या हातात पक्षी असण्यात बाध कोणताच नाही. काश्मीरच्या ९व्या शतकातील परिभाषा १५व्या शतकातील फ्लॉरेन्सवर लादण्याचा येथे हेतू नाही. तथापि आपल्या पदरी इतके नेमके साधन असताना परक्या सूचीवर विसंबून राहावे, हे काहीसे विचित्रच.

मासाच्चो याने १४२६ साली पिसा येथील कार्मेलाइट चर्चसाठी रंगविलेल्या वेदीचित्राचा मधला भाग आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. आईच्या हातात द्राक्षांचा घोस आहे आणि उघड्या अंगाच्या बाळाने दोन बोटे तोंडात घातली आहेत. द्राक्ष खाताना कोणतेही मूल घालते तशी. मरियेचा चेहरा रूढ अर्थाने सुंदर नाही. तो जड आणि गंभीर आहे, आणि तिचे भरदार शरीर सिंहासनात खरोखर बसलेले वाटते. बाळाचे प्रभावलयही सपाट तबकडीसारखे न राहता डोक्यावर तिरके धरलेल्या चकतीसारखे रेखाटले आहे. सिंहासनाच्या पायथ्याशी नागमोडी रेषांचे नक्षीकाम आहे, आणि ते रोमन दगडी शवपेट्यांवर आढळणाऱ्या नक्षीची आठवण करून देते. द्राक्षे म्हणजे रक्त, ही नोंद येथे बरोबरच आहे. परंतु ही नोंद कोणासाठी हवी, हा खरा प्रश्न आहे. मूळ मांडणीत या चित्राच्या नेमक्या वर क्रूसारोहणाचे चित्र होते. आज ते नेपल्सच्या कापोदिमोंते संग्रहालयात आहे आणि वेदीचित्राचे उरलेले भाग पिसा, बर्लिन व लॉस एंजेलिस येथे विखुरले आहेत. पिसाच्या चर्चमध्ये गुडघे टेकणाऱ्या माणसाची नजर द्राक्षांवरून सरळ वर गेली की तिला क्रूस दिसत होता. त्याला कोश उघडावा लागत नव्हता. चित्र वेदीवरून निघाले, तुकडे झाले, तुकडे वेगवेगळ्या देशांत गेले, आणि मग जो संबंध डोळ्यांना दिसत होता तो तळटीपेत लिहावा लागला. सूचीची गरज बऱ्याच अंशी संग्रहालयांनी निर्माण केली आहे, असे म्हटले तर ते फारसे अन्यायाचे होणार नाही.

पोवळ्याचे उदाहरण याहून गुंतागुंतीचे आहे. इटलीत लहान मुलांच्या गळ्यात पोवळे बांधण्याची चाल होती. दृष्ट, आजार, अपघात यांपासून ते मुलाचे रक्षण करते अशी समजूत होती. पिएरो देल्ला फ्रान्चेस्का याच्या सेनिगाल्लियाच्या मरियेच्या चित्रात, तसेच उर्बिनोचा अधिपती फेदेरिको दा मोन्तेफेल्त्रो याच्यासाठी सुमारे १४७२ ते १४७४ या काळात रंगविलेल्या आणि आता मिलानच्या ब्रेरा संग्रहालयात असलेल्या वेदीचित्रात, बाळाच्या गळ्यात पोवळ्याची माळ आणि पोवळ्याची फांदी आहे. 'पोवळे म्हणजे ख्रिस्ताचे रक्त' एवढे म्हणून थांबणाऱ्यास चित्राच्या मर्मापर्यंत पोचता येत नाही. आईने मुलाला काही होऊ नये म्हणून जे गळ्यात बांधले, त्याचाच रंग आणि आकार सांडणाऱ्या रक्तासारखा आहे. रक्षणाचे साधन आणि ज्यापासून रक्षण करता येणार नाही ते, दोन्ही एकाच दोऱ्यात ओवलेले आहेत. यांतला ताईत काढून घेतला तर उरते ते निव्वळ धर्मशास्त्र, आणि तेवढ्याने कोणाचा जीव हलत नाही. त्या काळात किती घरांनी मुले पुरली होती आणि किती गळ्यांतील पोवळी निष्फळ ठरली होती, याची जाणीव ठेवून हे चित्र पाहिले म्हणजे पोवळ्याची नोंद सूचीत किती कोरडी पडते ते कळते.

याच ब्रेरा चित्रात मरियेच्या डोक्यावर, शिंपल्याच्या आकाराच्या घुमटीतून, साखळीला टांगलेले एक अंडे आहे. या अंड्यावर विद्वानांनी जेवढे लिहिले आहे तेवढे प्रत्यक्ष झोपलेल्या बाळावर लिहिलेले नाही. मिलार्ड मीस याने १९५४ साली ते शहामृगाचे अंडे असल्याचे प्रतिपादन केले. चर्चमध्ये अशी अंडी टांगण्याची प्रथा होती, आणि शहामृग हे मोन्तेफेल्त्रो घराण्याचे एक बोधचिन्हही होते. इतरांनी त्यात लेडाचे अंडे पाहिले, कोणी मोती पाहिला. वाद मनोरंजक आहे. पण चित्रातील यथादर्शनाचा हिशेब मांडला असता ते अंडे मरियेच्या माथ्यावर नाहीच, तिच्या बरेच मागे, घुमटीत खोल लोंबते आहे असे दिसून येते. डोळ्यांना ते माथ्यावर दिसते आणि हिशेबाला मागे. या दोहोंतील अंतर हाच पिएरोचा खरा उद्योग. सूचीत 'अंडे' या नोंदीपुढे काहीही लिहिले तरी हे अंतर तिच्यात मावत नाही. आणि खाली चिलखतासह गुडघे टेकलेला फेदेरिको आहे. त्याची पत्नी बात्तिस्ता १४७२ साली, वारसाला जन्म दिल्यानंतर काही महिन्यांतच, मरण पावली होती. चित्रातील मूल गाढ झोपलेले आहे.

फ्लँडर्सच्या चित्रांसंबंधी हा प्रश्न अधिक तीव्र झाला आणि तेथेच सूचीची सर्वात मोठी फजिती झाली. एर्विन पॅनोफ्स्की याने १९५३ साली त्या प्रदेशाच्या आरंभीच्या चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात 'प्रच्छन्न प्रतीकवाद' ही कल्पना विस्ताराने मांडली. घरातील साध्या वस्तू, म्हणजे तस्त, मेणबत्ती, खिडकीची काच, धार्मिक अर्थ अंगात दडवून वावरतात, असे तिचे सार. पॅनोफ्स्की स्वतः सावध होता. कोठे थांबावे हा प्रश्न त्याने स्वतःलाच विचारला आणि इतिहासाची शिस्त व व्यवहारज्ञान यांखेरीज दुसरे उत्तर नाही हेही मान्य केले. त्याच्या अनुयायांना हा संयम नेहमीच पेलला असे नाही. रॉबर्ट कांपिनच्या अनुयायाचे म्हणून ओळखले जाणारे एक चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. मरिया एका साध्या खोलीत बाळाला पाजण्यास बसली आहे, मागे शेकोटीपुढचा गवती काड्यांनी विणलेला वाटोळा आडोसा आहे आणि तो तिच्या डोक्यामागे प्रभावलयासारखा आला आहे. उजवीकडे कपाटावर एक चषक ठेवलेला दिसतो. हा चषक म्हणजे मिस्साविधीचा चषक, म्हणून बाळ हे वेदीवरील अर्पण, असा अर्थ लावणे सूचीच्या दृष्टीने अगदी स्वाभाविक होते आणि तो लावलाही गेला. पुढे निष्पन्न झाले ते असे की चित्राच्या उजव्या कडेची पट्टी १९व्या शतकातील दुरुस्तीत नव्याने जोडलेली आहे, आणि चषक त्या जोडकामाचा भाग आहे. १५व्या शतकातील चित्रकाराचा गूढ आशय म्हणून जे वाचले गेले ते चारशे वर्षांनंतरच्या दुरुस्ती करणाऱ्याच्या हातचे होते.

या प्रसंगावरून प्रतीकवाचनच निरर्थक आहे असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. त्या चित्रातील गवती आडोसा मूळचाच आहे, आणि तो प्रभावलयासारखा दिसतो हे कोणाही पाहणाऱ्याच्या ध्यानात येते. फरक असा की आडोसा आधी आडोसा म्हणून आपले काम करतो, आगीची झळ अडवितो, आणि ते करीत असतानाच मरियेच्या मस्तकाभोवती तेज उभे करतो. चषकाला तेथे 'अर्थ' असण्यापलीकडे दुसरे काम नव्हते. संशय घेण्यासाठी एवढे कारण पुरेसे होते.

सूचीला उत्तर म्हणून कधीकधी चरित्राकडे वळले जाते, आणि तो मार्ग त्याहूनही उथळ आहे. फ्रा फिलिप्पो लिप्पी या संन्यासी चित्रकाराचे लुक्रेत्सिया बुती या जोगिणीशी संबंध होते. म्हणून उफ्फिझी संग्रहालयातील त्याची मोत्यांनी केस सजविलेली मरिया ही लुक्रेत्सियाच, असे परंपरेने सांगितले जाते आणि ते आवडीने ऐकलेही जाते. असेल किंवा नसेल. त्या चित्रातील देवदूत पाहणाऱ्याकडे वळून इतक्या खट्याळपणे का हसतो, याचे उत्तर त्यातून मिळत नाही.

ज्याला सूचीत जागाच नाही असेही एक प्रतीक या चित्रांत वारंवार येते. ते म्हणजे देहाची ठेवण. जोव्हान्नी बेल्लिनीचे 'कुरणातील मरिया' हे सुमारे १५०० ते १५०५ मधील चित्र पाहावे. मरिया जमिनीवर बसली आहे, तिचे हात बाळाच्या वर जोडलेले आहेत, बाळ मांडीवर आडवे, हातपाय सैल सोडून झोपले आहे. मांडीवर मृत पुत्राला घेऊन बसलेल्या आईचे चित्र ज्याने कधी पाहिले आहे त्याला ही ठेवण ओळखू येते. येथे पक्षी मुठीत नाही, फळ नाही, पोवळे नाही. झोप ही झोपच आहे आणि मागे शेतकाम चालू आहे. आईने हात जोडले आहेत ते बाळाला वंदन म्हणून, की त्याला उचलावे की उचलू नये हे न सुचून, हे सांगता येत नाही. लिओ स्टाइनबर्ग याने १९८३ साली बालकाच्या नग्नतेसंबंधी असाच प्रश्न विचारून अनेकांना अस्वस्थ केले. ईश्वराने संपूर्ण मानवी देह धारण केला हे सांगण्यासाठीच चित्रकारांनी ते शरीर इतक्या आग्रहाने दाखविले, असे त्याचे म्हणणे. त्याचे सर्व तपशील मान्य होण्याजोगे नसले तरी त्याने सूचीऐवजी देहाकडे पाहिले, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

शेवटी मरियेच्या निळ्या वस्त्राविषयी. 'निळा रंग म्हणजे स्वर्ग' ही सूचीतील बहुधा सर्वात लोकप्रिय नोंद. हा निळा रंग, अल्ट्रामरिन, अफगाणिस्तानातील बदख्शान प्रांतात सापडणाऱ्या लाजवर्द दगडापासून मोठ्या कष्टाने काढला जाई. चेन्नीनो चेन्नीनी याने सुमारे १४०० साली लिहिलेल्या आपल्या पुस्तिकेत त्याला सर्व रंगांत श्रेष्ठ ठरविले आहे आणि तो काढण्याची कृतीही तपशीलवार दिली आहे. मायकेल बॅक्सँडॉल याने १९७२ साली आपल्या पुस्तकाच्या आरंभीच एका कराराची चर्चा केली. १४८५ साली दोमेनिको गिर्लांदायो याने फ्लॉरेन्समधील ओस्पेदाले देली इन्नोचेन्ती या संस्थेच्या प्रमुखाशी हा करार केला होता. विषय होता तीन राजांनी बाळ येशूला केलेले वंदन. मोबदला ११५ फ्लोरिन. आणि अट अशी की निळा रंग औंसाला सुमारे चार फ्लोरिन किमतीच्या प्रतीचा अल्ट्रामरिनच असला पाहिजे. स्वर्गाचा रंग येथे तोळून, भाव ठरवून घेतलेला आहे. तरीही त्या निळ्यातील भक्ती कमी होत नाही; किंबहुना आईला सर्वांत महागडे वस्त्र नेसवावे हीच तेथील भक्तीची रीत होती.

ही संस्था टाकून दिलेल्या अर्भकांची होती. ब्रुनेलेस्की याने १४१९ साली तिच्या इमारतीचे काम सुरू केले आणि १४४५ साली तेथे मुले घेतली जाऊ लागली. गिर्लांदायोचे चित्र १४८८ साली पूर्ण झाले आणि चर्चच्या मुख्य वेदीवर बसविले गेले. त्यात मागे हेरोदाच्या शिपायांनी केलेली बालहत्या दिसते, आणि पुढच्या बाजूस, राजांच्या रांगेत, दोन लहान मुले गुडघे टेकून आहेत. त्यांच्या अंगावर पांढरे झिरझिरीत वस्त्र आहे, अंगावर ताज्या जखमा आहेत. शुभ्र वस्त्र म्हणजे निष्पापता, असे सूची सांगते. त्या वास्तूत वाढणाऱ्या, आईचे नावही ठाऊक नसलेल्या मुलांना मिस्साच्या वेळी समोर दिसत होती ती आपल्याच वयाची दोन मुले, आणि निळ्या वस्त्रातल्या त्या आईपासून ती हाताच्या अंतरावर होती.